आत्याच्या कॉम्प्युटरवर चालतं

साहेबांनी फोन खाली ठेवला, खुर्ची गर्रकन फिरवली आणि आपल्या खेळाचा नकाशा आता चौपट होणार असं जाहीर केलं. होयबा त्या वेळी चहात बिस्किट बुडवत होता. साहेबांनी विचारलं, "होईल ना?" आणि होयबा सवयीने म्हणाला, "होईल." तेवढ्यात बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग सुटून कपाच्या तळाला गेला. होयबाने तो चमच्याने काढायचा प्रयत्न केला, पण आता त्याचा नुसता चिखल झाला होता.

होयबा हे काही त्याचं घरचं नाव नव्हतं. ते ऑफिसने ठेवलं होतं, आणि ठेवायच्या आधी त्याला चालेल का असं रीतसर विचारलं, तेव्हा त्यानेच "चालेल" म्हटलं होतं. नाही म्हणायला शिकवतात त्या दिवशी आपण शाळेत गैरहजर होतो, असं तो स्वतःच बायकोला सांगायचा. बायको म्हणायची की लग्नाचं विचारलं तेव्हाही तू असाच पटकन हो म्हणालास, त्यामुळे त्या होकाराचं मला फारसं कौतुक नाही.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. तिथे शहर वसवण्याचा एक कॉम्प्युटर गेम तयार होत होता. खेळणाऱ्याने रस्ते आखायचे, घरं, दुकानं, शाळा बांधायच्या, मग त्यात माणसं आपोआप राहायला येतात. ती सकाळी कामावर जातात, वाटेत भाजी घेतात, संध्याकाळी घरी परततात. खेळणाऱ्याला हे सगळं फार गोड वाटतं. पण त्या प्रत्येक माणसाची घरापासून कामापर्यंतची वाट बिचारा कॉम्प्युटर शोधत असतो, आणि ती शोधायचं त्याला शिकवलं होतं होयबाने. नकाशा मोठा झाला की वाटा लांबतात, वाटा लांबल्या की कॉम्प्युटरला घाम फुटतो, आणि मग पडद्यावरची माणसं एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजून उभी राहतात. म्हणून तर होयबाने नकाशाला मर्यादा घातली होती. चौकोनी कुंपण, त्याच्या आत काय हवं ते करा.

ते कुंपण आता साहेबांनी फोनवर पाडून टाकलं होतं. फोन एका वितरक बाईंचा होता. खेळ बाजारात आणायचा की नाही हे त्या ठरवणार होत्या, आणि त्यांना म्हणे लहान नकाशात घुसमटायला होत होतं. त्यांनी खेळ घेतला तर ऑफिस चालणार होतं, नाही तर दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या घरमालकाच्या हातात देऊन सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं होतं. साहेबांनी हे अगदी हसत सांगितलं. होयबाला मात्र हसू येईना, कारण या वयात नवी नोकरी शोधायची म्हणजे मुलाखतीत "तुमच्यात कमी काय आहे?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार, आणि तो सगळं खरं सांगून बसणार.

मोठं संकट तर वेगळंच होतं. या ऑफिसचा एक नियम होता. खेळ कितीही सुंदर झाला तरी तो आत्याच्या कॉम्प्युटरवर चालल्याशिवाय पुढे जायचा नाही.

आत्या म्हणजे होयबाची सख्खी आत्या. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या बरोबरच्या लोकांनी तिला निरोपाची भेट म्हणून एक कॉम्प्युटर दिला होता. आता तो पिवळा पडला होता आणि त्याच्यावर आत्याने स्वतः विणलेलं झाकण असायचं. ऑफिसचा पहिला खेळ ऑफिसातल्या दणकट कॉम्प्युटरांवर पळत होता आणि गिऱ्हाइकांच्या घरी रांगतही नव्हता, तेव्हा फार शोभा झाली होती. तेव्हापासून साहेबांनी हा नियम केला. आत्याने चहाचा कप घेऊन खेळायला बसायचं. कप रिकामा होईपर्यंत खेळ कुठेही अडला नाही, तर तिने साहेबांना थेट फोन करून "चालतं" असं सांगायचं. आत्या कुणाचं मन राखायला बोलणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे त्या एका शब्दाला ऑफिसात सहीशिक्क्याची किंमत होती.

चौपट नकाशा घेऊन होयबा पहिल्यांदा आत्याकडे गेला तेव्हा पहिल्या घोटालाच सगळं गाव थांबलं.

"तुझा बेकरीवाला पुलावर उभाच आहे रे," आत्या म्हणाली. "पाव शिळे होतील त्याचे."

होयबाने कात्री चालवायला सुरुवात केली. आधी आकाशातले पक्षी गेले, मग धुराड्यांचा धूर, मग झाडांच्या सावल्या. तरी बेकरीवाला पुलावरच. मग त्याने एक नामी युक्ती केली. खेळणारा ज्या भागाकडे बघत नसेल, तिथली माणसं पुसूनच टाकायची आणि तो बघायला लागला की परत उभी करायची. आत्याने कप खाली ठेवला आणि सांगितलं की मी दुसरीकडे बघून परत वळले की तुझी माणसं धावत येऊन उभी राहतात, लपंडावात पकडली गेल्यासारखी, आणि पोस्टमन तर परत आलाच नाही, त्याच्या बायकोने जेवायला थांबायचं की नाही ते सांग. होयबा पोस्टमनला परत घेऊन आला आणि गाव पुन्हा थांबलं.

शेवटी त्याने मनाचा हिय्या केला. साहेबांना स्पष्ट सांगायचं, नकाशा चौपट होणार नाही, दीडपट करू. हे वाक्य तो ऑफिसच्या जिन्यात प्रत्येक पायरीवर म्हणत वर आला. साहेबांच्या टेबलावर खेळाचं नवं पोस्टर पसरलेलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत चौपट नकाशा असं छापून आलं होतं. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले की हे सगळं तुझ्यामुळे आहे, तू त्या दिवशी ज्या आत्मविश्वासाने होईल म्हणालास ना, त्याने मला धीर आला. होयबाचं वाक्य जिन्यातच कुठेतरी राहून गेलं होतं. पोस्टरचे रंग छान आलेत, एवढंच तो म्हणाला.

मग त्याला ती दुर्बुद्धी सुचली. आत्याच्या कॉम्प्युटरला खेळ पेलवत नसेल आणि खेळ बारीक होत नसेल, तर कॉम्प्युटरच जरा धडधाकट का करू नये?

त्याच्या घरी बायकोचा कॉम्प्युटर होता. ती शाळेच्या पुस्तकांची पानं छपाईसाठी लावायचं काम करायची, त्यासाठी तिने चांगली मेमरी आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड स्वतः निवडून आणून बसवून घेतलं होतं. तिला वस्तूंची फार काळजी. या घरातल्या वस्तूंना पाय फुटतात असं तिचं मत होतं, आणि ते पाय कोणाचे आहेत हेही तिला ठाऊक होतं. म्हणून कात्री, छत्री, चार्जर, जे जे तिने आणलं त्याच्यावर ती नेलपॉलिशचा एक लाल ठिपका ठेवायची. ती पानं द्यायला छापखान्यात गेल्यावर होयबाने लाल ठिपक्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, तिचा कॉम्प्युटर उघडला, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या आणि कार्ड काढून पिशवीत टाकलं आणि आत्याकडे गेला. चोरी करताना माणसाचे हात थरथरतात असं त्याने ऐकलं होतं. त्याचे थरथरले नाहीत, याचं त्याला वाईट वाटलं.

आत्याला त्याने धूळ काढायला आलोय असं सांगितलं. ती चहा टाकायला आत गेली तेवढ्यात त्याने तिच्या कॉम्प्युटरमधली जुनी पट्टी काढून नवा ऐवज बसवला. नंतर तीच जुनी पट्टी घरी नेऊन बायकोच्या कॉम्प्युटरमध्ये खोचायची होती, म्हणजे तो निदान सुरू तरी होईल. आत्या कप घेऊन बसली. बेकरीवाला पूल ओलांडून घरी गेला, बूट काढून बसलासुद्धा.

"धूळ काढून एवढा फरक पडतो?" आत्याने विचारलं.

"खूप साचली होती गं."

"माझ्या घरात?" आत्याचा चेहरा बघून होयबाला चोरीपेक्षा हेच वाक्य जड गेलं. पण तिने कप संपवला, फोन उचलला आणि साहेबांना "चालतं" म्हणून सांगितलं.

त्यानंतर होयबाच्या मागे दोन्हीकडून शुक्लकाष्ठ लागलं. घरी बायको विज्ञानाचं पुस्तक लावत होती. त्यातलं बेडकाच्या पचनसंस्थेचं चित्र पूर्वी एका टिचकीत उघडायचं, आता त्याचे आधी नुसते पाय दिसायचे, मग ती भाजी चिरून परत यायची तेव्हा पोट आलेलं असायचं. काय झालंय याला, असं तिने विचारलं. होयबा म्हणाला, "अपडेट चालू आहे." कॉम्प्युटरच्या बाबतीत हे उत्तर कुणालाही खोडून काढता येत नाही हे त्याला अनुभवाने माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही अपडेट चालू होतं. मग तर ती रोज संध्याकाळी तो दारात आला की शांतपणे विचारायला लागली, "झालं का अपडेट?" आणि तो रोज चपला काढता काढता "होत आलंय" म्हणायचा. तिच्या कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं त्याने सोडून दिलं. तिथला बेडूक आपल्याकडे बघतो असं त्याला वाटायचं.

ऑफिसात वेगळाच प्रकार. साहेबांनी मोठ्या अभिमानाने वितरक बाईंना सांगितलं होतं की आमचा चौपट नकाशा एका निवृत्त बाईंच्या पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरवर लोण्यासारखा चालतो. बाईंना त्याचं फार नवल वाटलं. त्या म्हणाल्या की मग मी ऑफिसात कशाला येऊ, मला त्याच कॉम्प्युटरवर खेळ दाखवा. आत्याच्या घरी जागा नाही, लिफ्ट नाही, आत्याला माणसांची सवय नाही, असं होयबाने सुचवून बघितलं. साहेबांनी आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली खुशाल या, चहाला कप जास्तीचे आहेत.

आता एकच आशा होती, बाई कॉम्प्युटर उघडून बघणार नाहीत. कार्डाचे पंखे फार घरघर करत होते, त्यावरून कुणाला शंका यायला नको म्हणून होयबा मधून मधून आत्याकडे चक्कर मारायला लागला. एकदा त्याने मागच्या जाळीतून जोरात फुंकर मारली. पुढच्या वेळी गेला तर घरघर पार थांबलेली. आपल्या फुंकरीत एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं. खेळ मात्र तसाच झकास चालत होता. कॉम्प्युटरसमोर आता एक ऐसपैस, मान टेकायला उशी असलेली खुर्ची आली होती. त्यात बसून होयबाला इतकं बरं वाटलं, की खुर्ची कुठली हे विचारायचंच राहून गेलं.

आत्याचं गाव मात्र त्याला पटत नव्हतं. चौपट नकाशा चालायला लागल्यावर तिने पुलावालं जुनं गाव मोडलं होतं, आणि एक मोठं शहर वसवायच्या ऐवजी लहान लहान वाड्या केल्या होत्या आणि मधे नुसतं रान. ना मोठा पूल, ना रुंद रस्ता. नाही तर साहेबांनी वसवलेलं शहर बघा. पश्चिमेला सगळी घरं, पूर्वेला सगळी ऑफिसं आणि मधे आठ पदरी रस्ता. असं काहीतरी भव्य कर ना, बाईंवर छाप पडेल, असं होयबाने तिला सुचवलं. आत्या म्हणाली की गाव माझं आहे, बाईंचं नाही.

ठरल्या दिवशी सगळे आत्याकडे जमले. वितरक बाई कमी बोलणाऱ्या आणि जास्त बघणाऱ्या होत्या. त्यांनी नव्या खुर्चीवर बसून घेतलं. साहेब त्यांच्या मागे हात बांधून उभे राहिले, आत्या शेजारी स्टुलावर बसली आणि होयबा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, म्हणजे पळायचं झालं तर बरं. आत्याने झाकणाची घडी घालून मांडीवर ठेवली आणि गाव सुरू केलं. सकाळ झाली. दारं उघडली, माणसं बाहेर पडली, बेकरीचा दिवा लागला. बाईंनी एका टोकाच्या वाडीतून दुसऱ्या टोकाच्या वाडीत जाऊन बघितलं. कुठेही कुणी थबकलं नाही, पोस्टमनसुद्धा वेळेवर घरी आला. बाईंचा चहा संपला. साहेबांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता.

बाईंनी वाकून त्या पिवळ्या डब्याकडे पाहिलं. "कमाल आहे," त्या म्हणाल्या. "जरा आत बघू का? उघडता येईल?"

होयबाच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब "अवश्य" म्हणून स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले. आता काही क्षणांत ते चकचकीत कार्ड सगळ्यांना दिसणार, साहेब खोटे पडणार, आत्याचा शब्द खोटा पडणार. नोकरी गेली तर गेली, पण आत्या जन्मात कुणाशी खोटं बोलली नव्हती, आणि तिच्याकडून हे खोटं त्याने वदवून घेतलं होतं. याचं त्याला फार वाईट वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणी न विचारता तोंड उघडलं.

तो म्हणाला की थांबा, उघडू नका, मीच सांगतो. मग त्याने सगळं सांगितलं. खेळ या कॉम्प्युटरवर चालत नाही. मी बायकोच्या कॉम्प्युटरमधली मेमरी आणि कार्ड चोरून यात बसवलंय. आत्याला यातलं काही ठाऊक नाही, तिला मी धूळ काढतोय म्हणून सांगितलं. साहेबांनाही ठाऊक नाही. नकाशा चौपट होणार नव्हता, मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण मी होईल म्हणून बसलो, कारण मला दुसरं काही म्हणता येत नाही. बायकोला मी सांगितलंय की अपडेट चालू आहे. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण आता तो थांबत नव्हता.

साहेब पांढरेफटक पडले. बाईंनी साहेबांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला, डब्याची बाजू काढली आणि आत डोकावल्या. मग होयबाला जवळ बोलावून दाखवायला सांगितलं, कुठाय ते.

होयबा गुडघ्यांवर बसला. आत कार्ड नव्हतं. नव्या पट्ट्या नव्हत्या. एका खाचेत एकुलती एक जुनाट पट्टी होती, आणि ती आत्याची मूळचीही नव्हती, कारण मूळची तर त्याच्या घरी बेडकाला जोजवत होती. ही तिच्याहूनही लहान होती. होयबाने हात घालून चाचपून पाहिलं, डब्याच्या मागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. चोराच्याच घरी चोरी झाल्यावर तो जसा दिसेल, तसा तो दिसत होता.

"ती घरघर ना?" आत्या म्हणाली. "डोकं उठलं होतं माझं. शिवाय डबा इतका तापायचा, की पायाला चटके. मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला म्हटलं, हे आत काय घातलंय ते काढ आणि साधं काहीतरी बसव. त्याच्या दुकानात ही खुर्ची पडून होती, ती दिली त्याने बदल्यात."

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. बाई किंचित अवघडल्या.

"पण आत्या, मला सांगितलं का नाहीस?" होयबाने कसंबसं विचारलं.

"तू मला धूळ काढली म्हणून सांगितलंस. मीही धूळ काढून घेतली."

साहेबांना अजून कळत नव्हतं की बुडालो की तरलो. बाईंनी मात्र पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. गावात दुपार झाली होती. त्यांनी आत्याला विचारलं की एवढा मोठा नकाशा घेऊन तुम्ही अशा सुट्या सुट्या वाड्या का केल्यात?

"मी नोकरीत असताना रोज दोन बस बदलून जायचे," आत्या म्हणाली. "जाताना दोन, येताना दोन. सगळं आयुष्य खिडकीला डोकं टेकून गेलं. म्हणून माझ्या गावात कुणालाही बस बदलायला लावायची नाही, असं ठरवलं मी. बेकरीवाला आता बेकरीच्या वर राहतो. मास्तर शाळेच्या मागे. ज्याचं काम जिथे, त्याचं घर तिथेच. संध्याकाळी घरी येऊन बसायला वेळ मिळायला हवा माणसाला."

होयबाला लहानपणीची आत्या आठवली, अंधार पडता पडता येणारी आणि पर्स न काढताच भिंतीला टेकून बसणारी. तेव्हा तिला इतकं दमायला काय होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आज त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. मग त्याच्यातला प्रोग्रॅमर जागा झाला आणि त्याला लखकन कळलं की त्याचा खेळ या जुनाट पट्टीवर का पळतोय. तिच्या गावात लांबच्या वाटाच नव्हत्या. कॉम्प्युटरला शोधायला काही शिल्लकच नव्हतं. नकाशा केवढा आहे याने काही बिघडत नव्हतं, माणसांना किती लांब पिटाळता याने बिघडत होतं. इतके आठवडे पक्षी, धूर आणि सावल्या कापण्यात गेले, आणि एकदाही त्याने आत्याच्या गावाकडे धड बघितलं नव्हतं.

बाईंनी खात्री करायला साहेबांचं शहर त्याच कॉम्प्युटरवर उघडायला सांगितलं. पश्चिमेची सगळी जनता पूर्वेकडे निघाली, आठ पदरी रस्त्यावर चढली आणि एक पाय उचलून जागच्या जागी गोठली. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. साहेबांनी खोकला काढला.

"हे तुमच्या खेळात लिहून ठेवा," बाई म्हणाल्या. "खेळणाऱ्याला आधी या बाईंचं गाव दाखवा आणि मगच नवं बांधायला द्या. खेळ मी घेते." त्या उठल्या आणि होयबासमोर येऊन थांबल्या. "हा खेळ या कॉम्प्युटरवर चालतो यावर या खोलीत एकाच माणसाचा विश्वास नव्हता. ज्याने तो लिहिला त्याचा."

होयबाला यावर "हो" म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

घरी जाताना त्याचं मन हलकं होतं, पण पूर्ण नाही. नोकरी वाचली होती, आता संसार वाचवायचा होता. खरं बोलायचा हात आजच साफ झाला होता, तो गंजायच्या आत उरलेलंही उरकून टाकावं असं त्याने ठरवलं. दुरुस्तीवाल्याकडे जाऊन पट्ट्या सोडवून आणाव्यात म्हणून तो वाटेत कोपऱ्यावर थांबला. दुरुस्तीवाला म्हणाला की त्या कधीच्या विकल्या गेल्या, माल चांगला होता, टिकणारच नव्हता. होयबा पडेल चेहऱ्याने घरी आला. बायको दारातच उभी होती.

"झालं का अपडेट?"

चपला न काढताच त्याने सगळं सांगितलं, साहेबांच्या पोस्टरपासून आत्याच्या खुर्चीपर्यंत. मधे कुठेही थांबला नाही. बायकोने ऐकून घेतलं आणि त्याला हाताला धरून तिच्या खोलीत नेलं. पडद्यावर बेडूक होता. तिने टिचकी मारली आणि पाय, पोट, आतडी, सगळं एकदम उघडलं.

होयबा बघतच राहिला. तिने कॉम्प्युटरची बाजू सरकवली. आत त्याच दोन पट्ट्या होत्या, तेच कार्ड होतं, आणि तिन्हींवर नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका.

तिने सांगितलं की कॉम्प्युटर फारच रडायला लागला तेव्हा मी त्याच कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने मोठ्या कौतुकाने माल काढून दाखवला, एका बाईंनी घरगुती वापरलेला, जवळजवळ नवा. ठिपके बघून मी त्या बाईंचा पत्ता विचारला, तर आत्यांचाच निघाला. मग आत्यांकडे जाऊन चहा घेतला. फार छान गप्पा झाल्या.

"म्हणजे तुला कधीपासून माहीत होतं?" होयबाने विचारलं.

"बेडकाला पुन्हा एका टिचकीत पोट यायला लागलं तेव्हापासून. पण तू चपला काढता काढता रोज 'होत आलंय' म्हणायचास ते इतकं गोड वाटायचं की मोडवेना." तिने बाजू बंद केली. "आत्यांची खुर्ची बसायला चांगली आहे हं. तशीच एक मी दुरुस्तीवाल्याला माझ्यासाठी बघायला सांगितली आहे. तुझ्या नावावर."

"चालेल," होयबा म्हणाला. हा होकार मात्र त्याने मनापासून दिला.

एवढ्यात फोन वाजला. साहेब होते आणि हवेत होते. बाई खूश, आपण खूश, आणि आता थांबायचं कशाला, पुढच्या खेपेला नकाशा आणखी चौपट करून टाकू, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मग नेहमीसारखं विचारलं, "होईल ना?"

होयबाने तोंड उघडलं. बायकोने टेबलावरचा लाल ठिपक्याचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली.

"नाही होणार," होयबा म्हणाला.

होयबाने डोळे मिटून घेतले.

"बरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

होयबा हातातल्या फोनकडे बघत उभा राहिला. इतकंच होतं. एवढ्यासाठी त्याने जिन्यातल्या पायऱ्या झिजवल्या होत्या, घरात चोरी केली होती आणि पोस्टमनला उपाशी ठेवलं होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"अपडेट," तो म्हणाला आणि चपला काढल्या.